गिंप ३.० : भांडण नावाशीच

फोटो आणि चित्रं संपादित करायचं गिंप (GIMP) हे सॉफ्टवेअर फुकटात मिळतं, काम चोख करतं, तरी ऑफिसात बसवायचं म्हटलं की लोक नावालाच अडतात. मराठी कानाला 'गिंप' नुसतं विचित्र वाटतं. कुणी 'जिंप' म्हणतं, कुणी एकेक अक्षर सुटं वाचतं. इंग्रजीत मात्र हा शब्द पायाने अधू माणसाला हिणवायला वापरतात. इंग्रजी शाळेच्या लॅबच्या यादीत किंवा परदेशी ग्राहकाच्या कागदावर तो लिहायला हात धजत नाही. मग महिन्याचं भाडं भरून दुसरं सॉफ्टवेअर घेतलं जातं, नाहीतर त्याची चोरीची 'क्रॅक' प्रत.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीबद्दल बाकी तक्रार थोडीच. लावलेला फिल्टर नंतर उघडून बदलता येतो, अनेक लेयर एकदम निवडता येतात. युनिकोड फाँट असेल तर जोडाक्षरं तुटत नाहीत; जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये करून घ्यावा लागतो. छपाईवाल्यांनी सावध राहावं: काम आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या रंगांतच चालतं; सीएमवायके, म्हणजे छपाईचे रंग, फक्त एक्सपोर्ट करताना. आणि सेव्ह केलं की एक्ससीएफ ही गिंपची स्वतःची फाइलच मिळते, जेपीजीसाठी कंट्रोल-शिफ्ट-ई.

आता नाव. सुरुवातीला वाटायचं, नवं नाव देऊन वेगळी शाखा काढली की प्रश्न मिटला. ते मत बदललं. २०१९ मध्ये नेमक्या याच कारणाने 'ग्लिम्प्स' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर गिंपमधूनच निघालं आणि २०२१ मध्ये थांबलं. नाव बदलायचं म्हणजे कोडमधल्या ओळी, इन्स्टॉलर, आयकॉन, भाषांतरं सगळं बदला, आणि मूळ प्रकल्पाची प्रत्येक दुरुस्ती पुन्हा आपल्याकडे ओढून आणा. त्याला माणसं लागतात, ती मिळाली नाहीत. गंमत म्हणजे मूळ नावातला 'जी' आधी 'जनरल'चा होता, १९९७ मध्ये तो 'ग्नू' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा झाला. अर्थ बदलला, उच्चार तोच!

त्यामुळे पाटी तेवढी बदला. विंडोजवर डेस्कटॉपच्या शॉर्टकटवर एफ-२ दाबून 'चित्र संपादक' लिहा, झालं. लिनक्सवर यंत्रणेच्या अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमधली गिंपची डेस्कटॉप फाइल (मेनूतली नोंद हीच ठरवते) आपल्या होममधल्या '.local/share/applications' मध्ये कॉपी करा ('.local' हे फोल्डर लपलेलं असतं) आणि 'नेम'ची ओळ बदला. इथे दोन चुका हमखास होतात. फाइलचं नाव बदललं तर मेनूत दोन नोंदी दिसतात, म्हणून ते तसंच ठेवा. आणि डेस्कटॉप मराठीत असेल तर 'नेम'पुढे चौकटी कंसात एमआर असलेली ओळ आहे का पाहा. असली तर तीच लागू होते, साधी ओळ कितीही बदला.

सुरू होतानाचं चित्रही बदलतं: गिंपच्या प्रोफाइल फोल्डरात (तुमच्या सेटिंग्ज असतात ते) 'splashes' (स्प्लॅशेस) नावाचं फोल्डर करून त्यात आपलं चित्र टाका. खिडकीच्या वरच्या पट्टीतलं नाव मात्र राहतंच.

गिंपला फोटोशॉपसारखं रूप देणारा तयार 'फोटोगिंप' पॅच कीबोर्डचे शॉर्टकट बदलतो, लिनक्सवर नाव आणि आयकॉनही, पण तो तुमच्या सेटिंग्जवर आपल्या फाइली चढवतो, म्हणून आधी प्रोफाइल फोल्डर कॉपी करून ठेवा. विद्यार्थ्यांना मूळ नावही एकदा फळ्यावर लिहून द्या. 'चित्र संपादक' शोधून एकही धडा सापडणार नाही.