अलंकारांची यादी पाठ करावी की कवितेतून संज्ञा शिकाव्यात?

एमपीएससीसाठी मराठी व्याकरण करत असाल तर फार विचार करू नका, यादी पाठ करा. तिथे एक सुटी ओळ देतात आणि चार पर्यायांतून अलंकार ओळखायला सांगतात. ती ओळ कोणत्या कवितेतली, हे कुणी विचारत नाही. खरा पेच आहे तो बी.ए., एम.ए.ला मराठी घेतलेल्यांचा.

यादीला नाक मुरडायचं कारण नाही. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द (‘सारखा’, ‘जसा’) ही उपमेची चार अंगं अंगवळणी पडली की ओळ उकलायची शिस्त लागते. घोळ होतो तो खुणेच्या शब्दांवर विसंबल्यावर. ‘परी’ दिसलं की उपमा, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ही क्लासमधली युक्ती. आता ज्ञानेश्वरीतली ओवी घ्या: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें। परि अमृतातेंही पैजा जिंके।’ इथला ‘परि’ म्हणजे ‘पण’. उपमेय उपमानाला मागे टाकतं, म्हणून हा व्यतिरेक. युक्तीवाला हमखास उपमा लिहून येतो.

आता बालकवींची ‘औदुंबर’. अवघ्या आठ ओळी. ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’ म्हटलं की यादी लगेच ‘चेतनगुणोक्ती’ (माणूस नसलेल्या गोष्टीला माणसासारखं वागताना दाखवणं) सांगते, आणि उत्तर बरोबरच आहे. पण पांढरी पायवाट हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडेच का जाते? काळिमा ‘गोड’ कसा? फार तर विरोधाभास म्हणाल, पण त्याने कविता हाती लागत नाही. इथे प्रतिमा (शब्दांनी उभं केलेलं चित्र) आणि प्रतीक (स्वतःपलीकडचा अर्थ सुचवणारी वस्तू) या संज्ञा लागतात. त्यांची व्याख्या घोकून भागत नाही. रंग एका ओळीतून दुसरीत कसे सरकतात ते पाहत कविता पुन्हा पुन्हा वाचावी लागते. वेळ जातो, शिवाय ठाम उत्तर मिळत नाही. औदुंबर म्हणजे नेमकं काय, यावर समीक्षकांचं तरी कुठे एकमत आहे!

यादीच्या लांबीची धास्तीही नको. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या काळातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारापर्यंत नुसते अर्थालंकारच (अर्थावर उभे असलेले अलंकार) साठावर गेले. पदवीला पंधरा-वीस नीट आले तरी निभतं.

माझं मत विचाराल तर पदवीच्या पहिल्या वर्षी यादी उरकून टाका, पुढे कविताच धरा. संज्ञा अडली की मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. तो ऑनलाइन फुकट आहे. फ्लॅशकार्डं, व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या आठवड्यापुरते ठीक.

आणि कथा-कादंबरी हा विशेष अभ्यासाचा विषय असेल तर सुरुवातच निवेदक, दृष्टिकोन, संज्ञाप्रवाह (पात्राच्या मनातले विचार वाहतील तसे मांडणं) यांपासून करा. गोष्ट कोण सांगतंय आणि त्याला कितपत ठाऊक आहे, हे अलंकारांच्या यादीत सापडायचं नाही.