टेलिमानस की थेरपी? दोन्ही वापरून झाल्यावर

‘१४४१६ फुकट आहे, मग थेरपीवर एवढे पैसे कशाला?’ असं घरातूनच विचारलं गेलं, म्हणून हे लिहितोय. गेल्या पावसाळ्यापासून मी दोन्ही वापरतोय.

१४४१६ म्हणजे टेलिमानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं. मला ती लागली रात्रीची. दोन-अडीचला छातीत धडधड, तळहाताला घाम आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटणं. ईसीजी नॉर्मल आला होता, तरीही. पलीकडच्या ताई संथ श्वास घ्यायला लावायच्या, घरात सोबत कोण आहे विचारायच्या आणि जीव द्यावासा वाटतोय का, हेही थेट विचारायच्या. पहिल्यांदा दचकलो. पण असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असला तर बोलायला वाट मिळते. गरज वाटली तर तिथून पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देण्याचीही सोय आहे.

मात्र हेल्पलाइन कुठलीही असो, फोन उचलणारा माणूस बहुतेक वेळा नवा. बाबांचं आजारपण, भावाशी वाटणीवरून धरलेला अबोला, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. काही रात्री तेच बरं वाटायचं, ओळखीचं कोणी नको असायचं. आणखी एक, सगळ्या हेल्पलाइन रात्रभर चालू नसतात. बरं वाटत असतानाच वेळा बघून ठेवा.

थेरपीत फरक पडला तो लक्षात ठेवणाऱ्या माणसाचा. मध्येच एकदा माझ्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, “गणपतीतही तुम्ही हेच म्हणाला होता, मी नाही केलं तर कोण करणार?” मला आठवतही नव्हतं. त्रासाच्या रात्री बहुतेक रविवारच्या, म्हणजे भावाचा फोन येऊन गेल्यानंतरच्या, हेही त्यांनीच माझ्या वहीतून काढून दाखवलं. या वहीत काय घडलं, मनात काय आलं आणि त्याला पुरावा काय, एवढं लिहायचं. सुरुवातीला शाळेचा गृहपाठ वाटतो.

सगळ्यात विचित्र आणि सगळ्यात उपयोगी ठरले जिने. धडधडेल म्हणून मी ऑफिसात लिफ्टशिवाय जाणं सोडलं होतं. मॅडमनी मुद्दाम भराभर जिने चढायला लावले. धडधड वाढू द्यायची, पळायचं नाही, ती आपोआप उतरते का बघायचं. उतरते. हे काम फोनवरच्या एका रात्रीत होणारं नाही, त्याला आठवडे लागतात.

आता पैशांचं. माझ्या माहितीत पुण्या-मुंबईकडे एका सेशनला हजार ते दोन हजार सहज जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही इतर आजारांसारखाच धरायला सांगितलंय, पण बऱ्याच पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, म्हणजे थेरपी खिशातूनच. परवडत नसेल तर सिव्हिलची किंवा सरकारी मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी गाठा. रांग असते, पण डॉक्टर खरे असतात. हे सांगायचं कारण, ‘समुपदेशक’ अशी पाटी कोणीही लावतो. मी आधी गेलो होतो त्या एकाने जन्मवेळ विचारली! क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. गोळ्या लागल्या तर त्या डॉक्टरच देणार, सायकॉलॉजिस्ट नाही.

आणि ‘दोन्ही कशाला’ याचं उत्तर खुद्द मॅडमनीच पहिल्या भेटीत दिलं होतं: रात्री मी फोन उचलणार नाही. त्याऐवजी आम्ही एक कागद तयार केला. आधी श्वास, मग एका मित्राला फोन, मग १४४१६, आणि जीवाला धोका वाटला तर ११२ किंवा सरळ कॅज्युअल्टी. त्याची एक प्रत बायकोकडेही आहे.

सध्या थेरपी पंधरवड्यातून एकदा. जिने रोज.