प्रोटॉनच्या स्पिनवर पीएचडी: जेफरसन लॅब, आरएचआयसी, कॉम्पास की ईआयसी?

एमएस्सी फिजिक्स संपत आलंय, प्रोटॉनच्या स्पिनचा प्रश्न डोक्यात घर करून बसलाय आणि आता अर्ज कुठे करायचा ते ठरवायचंय, अशांसाठी हा आढावा आहे. चार नावं सतत कानावर येतात: व्हर्जिनियातली जेफरसन लॅब, लाँग आयलंडवर ब्रुकहेवनमधला आरएचआयसी (रिलेटिव्हिस्टिक हेवी आयन कोलायडर), सर्नचा कॉम्पास प्रयोग आणि ब्रुकहेवनमध्येच उभा राहणारा इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर, म्हणजे ईआयसी. चौघांचंही उद्दिष्ट साधारण सारख्याच शब्दांत सांगितलं जातं, म्हणून निवड बरेचदा नावाच्या वलयावरून होते. माझ्या मते ती दोन गोष्टींवरून व्हावी. प्रोटॉनचा कोणता भाग तुम्हाला बघायचाय? आणि तुमच्या पाच-सहा वर्षांत त्याचा डेटा हातात येणार आहे का?

मूळ प्रश्न थोडक्यात असा. प्रोटॉनचा स्पिन ½ आहे आणि त्यात दोन अप आणि एक डाउन क्वार्क आहेत. क्वार्कचाही स्पिन ½, तेव्हा त्यांची बेरीज करून प्रोटॉनचा स्पिन निघावा, अशी साधी अपेक्षा होती. क्वार्क आत वेगाने फिरतात हे धरलं तरी निम्म्याहून जास्त वाटा त्यांच्या स्पिनचा असेल, असं वाटत होतं. 1988 मध्ये सर्नच्या ईएमसी गटाने ध्रुवीकृत (म्हणजे स्पिन एका दिशेला लावलेले) म्यूऑन ध्रुवीकृत अमोनियावर सोडून मोजलं आणि उत्तर आलं सुमारे 12 टक्के, तेही इतक्या अनिश्चिततेसह की शून्यसुद्धा चाललं असतं. पुढे हॅम्बुर्गच्या हर्मिस प्रयोगाने आणि कॉम्पासने हा आकडा 30 टक्क्यांच्या आसपास आणून पक्का केला. उरलेलं क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनच्या स्पिनमध्ये आणि क्वार्क-ग्लुऑनच्या कक्षीय कोनीय संवेगात आहे. जॅफी आणि मनोहर यांनी 1990 मध्ये या चार तुकड्यांची बेरीज मांडली. आजचे सगळे प्रयोग त्यातला कुठला तरी तुकडा मोजत असतात.

आधी एक्स बघा

प्रयोगांची तुलना करायला सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे एक्स: ज्या क्वार्कला किंवा ग्लुऑनला धडक बसली, त्याच्याकडे प्रोटॉनच्या संवेगाचा किती हिस्सा होता. मोठ्या एक्सला मुख्य तीन क्वार्क दिसतात. एक्स कमी होत गेला की ग्लुऑन आणि क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांची गर्दी वाढत जाते.

हा हिशेब घरी कागदावर करता येतो. क्वार्क नीट दिसावा म्हणून क्यू-वर्ग, म्हणजे धडकेत दिलेल्या संवेगाचा वर्ग, किमान 1 जीईव्ही-वर्ग धरतात. स्थिर टार्गेटसाठी पोहोचता येणारा सर्वांत लहान एक्स म्हणजे ढोबळमानाने 1 भागिले (2 × प्रोटॉनचं वस्तुमान × झोताची ऊर्जा). जेफरसन लॅबचा 11 जीईव्हीचा इलेक्ट्रॉन झोत घ्या: उत्तर येतं 0.05 च्या आसपास. कॉम्पासचा 160 जीईव्हीचा म्यूऑन घ्या: 0.003 ते 0.004. ईआयसीमध्ये टक्कर समोरासमोर आहे, एकूण ऊर्जा 140 जीईव्हीपर्यंत जाते, आणि एक्स 0.0001 च्याही खाली उतरतो. कॉम्पास आणि ईआयसी यांच्यात दोन दशांश स्थळांचं अंतर आहे. ग्लुऑनच्या स्पिनबद्दलचं आपलं अज्ञान बहुतेक त्याच पट्ट्यात आहे.

स्थिर टार्गेट: जेफरसन लॅब आणि कॉम्पास

दोन्हीकडे काम एकाच तत्त्वावर चालतं. झोत आणि टार्गेट यांचे स्पिन एका दिशेला असताना किती कण विखुरले आणि विरुद्ध असताना किती, ते मोजायचं, फरकाला बेरजेने भागायचं. ही झाली असममिती. ऐकायला सोपं आहे, पण कष्ट टार्गेटमध्ये आहेत, आणि या शाखेत जाणाऱ्याने ते जवळून समजून घ्यायला हवेत.

जेफरसन लॅबमध्ये बरेचदा घन अमोनियाचे काही मिलिमीटरचे खडे वापरतात. ते आधी इलेक्ट्रॉन झोताखाली धरून त्यांत सुटे इलेक्ट्रॉन तयार करतात, त्यामुळे खडे जांभळे होतात. मग ते 1 केल्विन तापमानात आणि 5 टेस्ला चुंबकीय क्षेत्रात ठेवतात. एवढ्या थंडीतही प्रोटॉन आपणहून जेमतेम अर्धा टक्का ध्रुवीकृत होतात. इलेक्ट्रॉन मात्र 99 टक्क्यांहून जास्त. मग 140 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडून इलेक्ट्रॉनचं ध्रुवीकरण प्रोटॉनकडे वळवायचं, की ते 80-90 टक्क्यांपर्यंत चढतं. झोत पडत राहिला की खडे खराब होऊन ध्रुवीकरण उतरतं, तेव्हा ते गरम करून पुन्हा सुधारायचे.

एवढं करूनही अमोनियातल्या 17 न्यूक्लिऑनपैकी कामाचे फक्त हायड्रोजनचे 3 प्रोटॉन. समजा खरी असममिती 0.3 आहे. तिला 3/17 ने गुणा, झोताच्या 0.85 ने गुणा, टार्गेटच्या 0.8 ने गुणा, आणि धडक प्रत्यक्ष पोहोचवणाऱ्या आभासी फोटॉनकडे इलेक्ट्रॉनचं निम्मंच ध्रुवीकरण पोहोचतं असं धरून आणखी निम्मं करा. हातात उरतं 0.018. दहा लाख घटना मोजल्या तर सांख्यिकीय चूक 0.001, म्हणजे मोठ्या एक्सला काम होतं. पण लहान एक्सला खरी असममितीच दहावा हिस्सा असते. तिथे त्याच दहा लाख घटनांत 0.0018 वर 0.001 ची चूक मिळते, आणि तेवढ्यावर शोधनिबंध उभा राहत नाही. हर्मिसने शुद्ध वायूचं टार्गेट वापरून या 3/17 च्या कटकटीतून सुटका करून घेतली होती. तेवढ्याच अचूकतेला सुमारे 32 पट कमी घटना पुरतात. मात्र वायू विरळ असल्यामुळे घटनाही कमीच मिळतात, आणि 2007 मध्ये हेरा त्वरक बंद झाला तसा तो प्रयोगही संपला.

जेफरसन लॅबचं बलस्थान म्हणजे घटनांचा प्रचंड ओघ. सीएलएएस12 हा शोधक सेकंदाला दर चौरस सेंटिमीटर 10 चा 35 वा घात एवढ्या तीव्रतेसाठी बांधलाय, ईआयसीच्या कमाल तीव्रतेपेक्षा दहापट. त्यामुळे मोठ्या एक्सचे प्रश्न ही या लॅबचीच मक्तेदारी आहे. एक उदाहरण मला फार आवडतं. एक्स 1 कडे जाताना डाउन क्वार्कचा स्पिन प्रोटॉनच्याच दिशेला वळायला हवा, असं क्यूसीडीचं, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनच्या सिद्धांताचं, क्षोभ-सिद्धांतावर आधारलेलं गणित सांगतं. हीलियम-3 वरच्या मोजमापांत मात्र एक्स 0.6 पर्यंत तो उलट्याच दिशेला दिसला. तो कुठे वळतो, की वळतच नाही, हे 12 जीईव्ही युगाच्या डेटातून काढायचं आहे. शिवाय सीएलएएस12 ने 2022-23 मध्ये अनुदैर्ध्य ध्रुवीकृत टार्गेटवर घेतलेला मोठा डेटा आहे. कक्षीय कोनीय संवेगाकडे नेणारी खोल आभासी कॉम्प्टन प्रकीर्णनाची (इलेक्ट्रॉनच्या धडकेनंतर प्रोटॉन न फुटता एक फोटॉन बाहेर पडतो, त्या प्रक्रियेची) मोजमापंही इथे जोरात चालतात.

कॉम्पासची कथा वेगळी. तिथला म्यूऑन झोत पायऑनच्या क्षयातून येतो आणि तो क्षयच असा आहे की म्यूऑन आपोआप सुमारे 80 टक्के ध्रुवीकृत निघतात. टार्गेटचे शेजारशेजारचे कप्पे एकाच वेळी विरुद्ध दिशांना ध्रुवीकृत करतात आणि अधूनमधून क्षेत्र फिरवून त्यांच्या दिशा बदलतात, म्हणजे शोधकाचा पक्षपात वजा होतो. ही पद्धत मला अतिशय देखणी वाटते. प्रोटॉनचा स्पिन आडवा असताना आतल्या क्वार्कच्या संवेगाला येणारा डावा-उजवा कल म्हणजे सायव्हर्स परिणाम. पायऑन झोत वापरून त्याचं चिन्ह ड्रेल-यान प्रक्रियेत (क्वार्क आणि प्रतिक्वार्क नष्ट होऊन लेप्टॉनची जोडी निघते तेव्हा) उलटतं का, हे तपासणारा प्रयोगही कॉम्पासने केला, आणि उत्तर चिन्ह उलटण्याच्या बाजूने झुकलं. पण निर्णय घेणाऱ्याला महत्त्वाची बाब ही: कॉम्पासचं डेटा घेणं 2022 मध्ये संपलं. त्याच जागी आलेल्या अँबर प्रयोगाचे प्रश्न बरेचसे वेगळे आहेत. युरोपातल्या एखाद्या चांगल्या गटात कॉम्पासच्या डेटावर विश्लेषणाचा प्रबंध अजून होऊ शकतो. हार्डवेअर शिकायचं असेल तर मात्र तिथे जाऊ नये.

प्रोटॉनवर प्रोटॉन: आरएचआयसी

इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन विद्युतभार बघतात. ग्लुऑनला विद्युतभार नाही, म्हणून तो त्यांना थेट दिसत नाही. दोन ध्रुवीकृत प्रोटॉन एकमेकांवर आपटले की मात्र ग्लुऑन थेट भाग घेतो. जगात हे करणारं यंत्र एकच झालं, आरएचआयसी. कड्यातून फिरताना प्रोटॉनचं ध्रुवीकरण विस्कटू नये म्हणून त्यात सायबेरियन स्नेक नावाचे सर्पिल चुंबक आहेत. ते स्पिन 180 अंशांत उलटवतात, त्यामुळे एका फेरीतली चूक पुढच्या फेरीत फिटते. त्यांचा खर्च जपानच्या रिकेन संस्थेने उचलला होता.

इथली अडचण निराळी. दोन्ही झोतांचं ध्रुवीकरण 55-60 टक्के, आणि मोजमापाची ताकद ध्रुवीकरणाच्या चौथ्या घातावर अवलंबून. 50 चं 60 टक्के झालं तर ती दुप्पट होते, म्हणून त्वरकाच्या गटाचं एकेक टक्क्यासाठी चाललेलं झगडणं शोधकवाल्यांच्या डोळ्यांत भरायचं. असममिती हजारात काही, पण प्रोटॉनचे पुंजके सुमारे 106 नॅनोसेकंदांच्या अंतराने यायचे आणि प्रत्येकाचा स्पिन ठरवून वेगळा ठेवलेला असायचा, म्हणून स्पिनच्या दिशांच्या चारही जोड्या एकाच वेळी मोजल्या जायच्या.

त्यातून 2009 च्या जेट डेटाने पहिल्यांदा ठामपणे दाखवलं की एक्स 0.05 च्या वर ग्लुऑनचा स्पिन शून्य नाही. 2014 मध्ये डीएसएसव्ही या सिद्धांतकारांच्या गटाने केलेल्या विश्लेषणात हा वाटा सुमारे 0.2 आला, आणि एकूण स्पिन ½ आहे हे लक्षात घेता तो लहान म्हणता येत नाही. त्यावर 2022 मध्ये जॅम गटाने एक अवघड आक्षेप घेतला: काही गृहीतकं सोडली तर ग्लुऑनचा ऋण स्पिनही याच डेटात बसतो. मला हा वाद निरोगी वाटतो. प्रबंधाचा विषय म्हणूनही तो चांगला आहे, कारण आरएचआयसीवरच्या स्टार शोधकाचा साठलेला डेटा अजून पिळून काढायचा आहे.

आरएचआयसीमध्ये नवीन काही बांधायचं उरलेलं नाही. त्याचाच बोगदा आणि त्याचंच एक कडं ईआयसीसाठी वापरलं जाणार आहे.

ईआयसी: थांबायची तयारी असेल तर

जानेवारी 2020 मध्ये ब्रुकहेवनची निवड झाली. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोन्ही सुमारे 70 टक्के ध्रुवीकृत, हलकी आयनंही ध्रुवीकृत, अमोनियाची भानगड नाही, आणि लहान एक्सचा सगळा पट्टा मोकळा. ग्लुऑनच्या स्पिनचा प्रश्न सुटेल तर इथेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पहिल्या टकरींसाठी 2030 चं दशक बरंच पुढे जावं लागेल. आज पीएचडीला लागणाऱ्याला ईआयसीच्या ईपिक या शोधकाच्या चाचण्या, सिम्युलेशन, सॉफ्टवेअर यावर प्रबंध लिहावा लागेल. शोधक घडताना त्याच्या आत असणं ही मोठी संधी आहे. मात्र खरा डेटा बघायची ओढ असलेल्याने केवळ ईआयसीवर पाच वर्षं लावू नयेत.

मुंबईत राहूनही

या विषयासाठी परदेशी जायलाच हवं असं नाही, विशेषतः कल सिद्धांताकडे असेल तर. आयआयटी मुंबईत अस्मिता मुखर्जी यांचं काम न्यूक्लिऑनच्या स्पिनवर आणि क्वार्क-ग्लुऑनच्या त्रिमितीय वितरणांवर आहे. 2012 मध्ये त्यांनी रोहिणी गोडबोले, मुंबई विद्यापीठातल्या अनुराधा मिश्रा आणि एका तरुण सहकाऱ्यासह जे-साय कणाच्या निर्मितीतून ग्लुऑनचा सायव्हर्स परिणाम कसा पकडता येईल, यावर काम केलं होतं. ही कल्पना आज ईआयसीच्या चर्चेत आहे. पुण्यात वाढलेल्या, एसपी कॉलेजात शिकलेल्या गोडबोले यांची पीएचडी स्टोनी ब्रुकची, म्हणजे ब्रुकहेवनच्या शेजारचीच. ईआयसीच्या गटात भारतातल्या अनेक संस्थाही आहेत, त्यामुळे इथून नोंदणी करून तिकडच्या कामात भाग घेण्याची वाट खुली आहे.

मग कुठे?

प्रयोग हाताने करायचाय, क्रायोजेनिक्स आणि टार्गेट शिकायचंय, आणि प्रबंधात स्वतःचा डेटा हवाय: जेफरसन लॅब. पदवी लॅब देत नाही, विद्यापीठ देतं, तेव्हा अर्ज ओल्ड डोमिनियन, विल्यम अँड मेरी किंवा ध्रुवीकृत टार्गेट बनवणाऱ्या व्हर्जिनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी करा. ग्लुऑनचा स्पिन हाच ध्यास असेल तर आरएचआयसीच्या डेटावर विश्लेषण आणि जोडीला ईआयसीचं सिम्युलेशन करणारा गट शोधा. माझ्या लेखी सध्याची सर्वांत शहाणी जोडणी हीच, कारण प्रबंध वेळेत होतो आणि पोस्टडॉकच्या सुमारास तुमचं नाव नव्या यंत्राशी जोडलेलं असतं. युरोपात राहायचंय आणि विश्लेषण आवडतं, तर कॉम्पास. फक्त ईआयसी निवडायचं असेल तर शोधकाच्या एखाद्या ठोस भागाची जबाबदारी तुमच्याकडे येणार असेल तरच.

मार्गदर्शकाला पहिल्या ईमेलमध्ये हे विचारा: माझ्या प्रबंधाचा डेटा आज डिस्कवर आहे का, नसेल तर कोणत्या वर्षीच्या रनमध्ये घेतला जाणार आहे, त्या रनला वेळ मंजूर झाली आहे का, आणि ती पुढे ढकलली गेली तर माझा दुसरा विषय कोणता?