दंडावरचं डिजिटल बीपी मशीन: पंच म्हणून घेणार असाल तर वाचा

मुलाने हे मशीन ऑनलाइन मागवून नाशिकला आमच्या पत्त्यावर पाठवलं, ते आमच्या भांडणाला कंटाळून. ह्यांचं म्हणणं, "मला बीपी-बिपी काही नाही, दवाखान्यात पाऊल टाकलं की वाढतं." माझं म्हणणं, बीपी आहे आणि ते पापड-लोणच्याचं आहे. दोघांचे फोन ऐकून ऐकून मुलगा म्हणाला, आता मशीनच सांगेल कोण बरोबर ते. तेव्हा पंच म्हणून ते कसं निघालं, तेच मुख्यतः लिहिते.

आधी वस्तूबद्दल. दोन हजारांच्या आतलं आहे, चार पेन्सिल सेलवर चालतं. आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात, बटण एकच मोठं. दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या राहतात. तक्रार कफची, म्हणजे दंडाला गुंडाळून हवा भरायच्या पट्ट्याची. सोबत आलेला कफ २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आणि ह्यांचा दंड शिवणाच्या टेपने मोजला तर ३४ भरला. कफ लहान पडला की आकडा फुगून येतो. ही गोष्ट खोक्यावर ठळक अक्षरांत हवी. ती माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक टायपात सापडली. मोठा कफ वेगळे पैसे भरून मागवावा लागला. तोवर जे आकडे आले ते ह्यांनी अर्थातच रद्द ठरवले.

मोठा कफ आल्यावर मोजलं तर वरचा आकडा १५२. लगेच परत, १४१. पुन्हा, १३७. हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. म्हणाले, "टायरमधली हवा तीनदा तपासली तर तीन आकडे येतात का? गेज खराब आहे." मी १५२ धरून बसले, ते १३७. एकाच मशीनने पाच मिनिटांत दोघांच्या हातात दारूगोळा दिला.

मशीन मात्र खराब नव्हतं. रक्तदाब मिनिटामिनिटाला खालीवर होतच असतो. जिना चढून आलात, चहा घेतला, लघवी तुंबलेली आहे, पायावर पाय टाकून बसलात, हात लोंबकळता ठेवलात, कशानेही आकडा वर जातो. म्हणून चहा-विडीनंतर अर्धा तास थांबायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीत आणायचा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यायची. असं सकाळ-संध्याकाळ आठवडाभर, आणि त्यातला पहिला दिवस सोडून द्यायचा. बीपी जास्त म्हणायची रेघ घरच्या मोजणीत १३५/८५ ची धरतात, दवाखान्यात १४०/९० ची.

ह्यांचा पुढचा मुद्दा पाऱ्याचा. पारा खोटं बोलत नाही म्हणे. पाऱ्याच्या उपकरणात आकडा ठरवतो तो डॉक्टरांचा कान. स्टेथोस्कोपमध्ये ठोका कधी सुरू झाला आणि कधी विरला ते ऐकून. ही पद्धत कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनने १९०५ साली सांगितली. माणूस ऐकून लिहितो म्हणून १४०, १५०, १६० असे शून्यावर संपणारे आकडे जरा जास्तच लिहिले जातात. आपलं मशीन ठोका ऐकत नाही. कफमधली हवा सुटताना धमनीमुळे जी थरथर होते ती टिपतं आणि कंपनीच्या गणिताने वरचा-खालचा आकडा काढतं. दोन्हींत थोडं इकडेतिकडे होणारच. आणि पारा आता जगभरातून हटवताहेत, त्यासाठीचा मिनामाता करार २०१३ चा आहे, भारतही त्यात आहे. हे सगळं मी त्यांना जेवताना सुनावलं. ते म्हणाले, "मग तुझ्या मशीनचं गणित कोणी तपासलंय?" प्रश्न चुकीचा नव्हता. घेताना मॉडेल प्रमाणित आहे का ते बघायला हवंच.

आता खरी गंमत. मोजताना मी शेजारच्या खुर्चीत बसायची, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. कफ फुगायला लागला की माझं सुरू, "काल तीन पापड झाले." दंड आवळलेला असतानाच ह्यांचं उत्तर, "दोन. तिसरा तू मोडून घेतलास." मोजताना बोललं की वरचा आकडा सहज दहाने चढतो, हे मी त्याच पत्रकात वाचलं होतं, वाचूनही बोलत होते. म्हणजे मला जो मोठा आकडा हवा असायचा तो थोडाफार मीच घडवत होते, आणि ह्यांना जो लहान हवा असायचा तो ते पुन्हापुन्हा मोजून मिळवत होते. वहीत सगळ्यात कमीचा तेवढा लिहायचे. मशीनवर 'एम' बटण आहे, दाबलं की जुने आकडे दिसतात. रात्री ते दाबून वहीशी ताडून बघायचं, हा माझा उद्योग. चोरी सापडली की जो आनंद व्हायचा, तो नवऱ्याची तब्येत जपणाऱ्या बाईचा नव्हता. ह्यांचं बीपी जास्त निघावं असं मला वाटत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हापासून ते मोजायला बसले की मी उठून गॅलरीत जाते, दोरीवरचे वाळलेले कपडे काढते. 'एम' दाबत नाही. विचारतही नाही. पहिले काही दिवस पोटात नुसतं ढवळायचं, काय आलं असेल, काय लिहिलं असेल. मग हेच आतून ओरडून सांगायला लागले, "अगं, आज १४४!" वाईट आकडासुद्धा. ऐकायला विरोधी पक्ष नसला की लपवण्यात मजा नाही बहुतेक.

वही डॉक्टरांना दाखवली. घरची सरासरी १३८/८६, त्यांच्याकडे त्याच दिवशी १५६/९४. दवाखान्यात वाढतं, हेही खरं. घरीसुद्धा रेघेच्या जरा वरच, हेही खरं. आधीपासून चालू असलेली बीपीची गोळी तीच ठेवली, मीठ कमी करायला सांगितलं. रिक्षात हे म्हणाले, "बघ, घरी अठराने कमी." माझ्या जिभेवर ८६ आलेला. मी विचारलं, येताना भाजी घ्यायची का.

पापड आता भाजून, दिवसाला एक. अर्धा मी खाते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो कफसाठी, आणि हवेची नळी खोचायचं टोक सैल आहे म्हणून. नीट बसली नाही की मशीन नुसतं एरर दाखवतं. मनगटावरचं स्वस्त मिळतं, घेऊ नका, हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो. ठोके अनियमित पडणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, त्यांना मशीनचा भरवसा कमी. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा. ज्याचा आकडा जास्त, पुढे तोच दंड धरा, आणि फरक दहा-पंधराच्या वर असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. ऑर्डर करण्याआधी दंडाला टेप लावा. शिवणाचा टेप चालतो.