सर्व्हर देशात ठेवावा की परदेशात? कुठल्या सरकारचा हात कुठवर पोचतो

वेबसाइट, ईमेल, सभासदांच्या याद्या, कागदपत्रं कुठल्या सर्व्हरवर ठेवायची हे ठरवताना बहुतेक जण दर आणि वेग बघतात. पत्रकार, वकील, डॉक्टर किंवा हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था यांना मात्र आणखी एक प्रश्न सतावतो: सर्व्हर परदेशात नेला तर सरकारचा हात तिथवर पोचेल का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. मशीन कुठे ठेवलंय याहून जास्त फरक पडतो तो ते चालवणारी कंपनी कुठली, तुम्ही स्वतः कुठे राहता आणि डेटा उघडायची किल्ली कोणाकडे आहे याने. खालचे चारही पर्याय मी याच कसोटीवर तपासले आहेत.

देशातला सर्व्हर, देशातलीच कंपनी

इथे सरकारचा हात थेट पोचतो. कोर्टाचा किंवा अधिकाऱ्याचा आदेश येतो, कंपनी डेटा देते. प्रसंगी मशीनच उचलून नेतात. पण जमेची बाजूही मोठी आहे. कायदा ओळखीचा असतो, वकील मिळतो, आदेश चुकीचा वाटला तर दाद कुठे मागायची हे ठाऊक असतं. काही ठिकाणी तर पर्यायच नसतो. रशियाने २०१५ पासून आपल्या नागरिकांचा डेटा देशातच ठेवायची सक्ती केली आणि ती न पाळल्याबद्दल २०१६ मध्ये लिंक्डइन बंद केलं. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंटच्या डेटासाठी असाच नियम केला.

तुम्हाला भीती चोरांची, हॅकरची, स्पर्धकांची असेल आणि सरकारची नसेल, तर हाच पर्याय घ्या. परदेशी सर्व्हरमुळे हॅकर लांब राहत नाही.

परदेशातला सर्व्हर, पण कंपनी अमेरिकन

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. डब्लिन किंवा फ्रँकफर्ट निवडलं की डेटा युरोपचा झाला, असं धरून चालतात. मायक्रोसॉफ्टचा खटला बारकाईने पाहिला की हे का चुकीचं आहे ते कळतं.

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायदंडाधिकाऱ्याने अमली पदार्थांच्या तपासात एका ईमेल खात्यासाठी वॉरंट काढलं. खात्याची वरवरची माहिती अमेरिकेत होती, ती मायक्रोसॉफ्टने दिली. ईमेलचा मजकूर मात्र आयर्लंडमधल्या डब्लिनच्या डेटा सेंटरमध्ये होता आणि तो द्यायला कंपनीने नकार दिला. तो तिथे का होता? खातं उघडताना माणूस जो देश सांगेल, त्यानुसार कंपनी जवळचं डेटा सेंटर ठरवत असे, आणि ते उत्तर खरं आहे का हे कोणी तपासत नसे. शिवाय तो मजकूर अमेरिकेतल्या ऑफिसात बसून काढता येत होता. डब्लिनला जायची गरजच नव्हती. सगळा वाद याच मुद्द्यावर झाला: झडती आयर्लंडमध्ये होते आहे की अमेरिकेत?

२०१६ मध्ये अपील कोर्टाने मायक्रोसॉफ्टच्या बाजूने निकाल दिला. सुप्रीम कोर्टात सुनावणीही झाली. पण निकाल लागण्याआधीच, मार्च २०१८ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने क्लाउड ॲक्ट केला आणि खटल्यात अर्थच उरला नाही. तेव्हापासून नियम सरळ आहे: डेटा कंपनीच्या ताब्यात किंवा नियंत्रणात असेल, तर तो जगात कुठेही असो, अमेरिकन कंपनीकडून मागता येतो. परदेशी कायदा मोडत असेल तर कंपनी काही परिस्थितींत आक्षेप घेऊ शकते, एवढंच. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं गेलं की फ्रेंच डेटा अमेरिकेकडे जाणार नाही याची हमी देता का. त्याने सांगितलं, हमी देता येणार नाही.

हा हात फक्त अमेरिकेचाच लांब आहे असं नाही. बेल्जियममध्ये याहूचं ऑफिस नव्हतं, सर्व्हर नव्हता, तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं की इथल्या ग्राहकांना सेवा देता म्हणजे आमचा आदेश लागू होतो.

उत्तम तांत्रिक सोय हवी म्हणून हा पर्याय घ्यायला माझी हरकत नाही. कायद्यापासून संरक्षण मिळेल म्हणून मात्र घेऊ नका.

सर्व्हर आणि कंपनी दोन्ही तिसऱ्या देशात

स्वित्झर्लंड आणि आइसलँड ही नेहमीची नावं. स्वित्झर्लंडच्या फौजदारी कायद्याचं कलम २७१ परक्या सरकारसाठी त्या भूमीवर परस्पर सरकारी काम करायला मनाई करतं. त्यामुळे परदेशी पोलिसांना स्विस यंत्रणेमार्फत यावं लागतं. सक्तीने डेटा मिळवायचा, तर ते कृत्य साधारणपणे दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. यात वेळ जातो, एका परक्या न्यायव्यवस्थेची नजर त्यावरून फिरते. हे संरक्षण खरं आहे, आणि राजकीय सूडाच्या प्रकरणात त्याचं मोल फार आहे.

पण ती अभेद्य भिंत नव्हे. २०२१ मध्ये फ्रेंच पोलिसांनी युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेमार्फत विनंती केली, स्विस अधिकाऱ्यांनी आदेश काढला आणि प्रोटॉन या स्विस ईमेल कंपनीला एका हवामान कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला. २०१३ मध्ये सिल्क रोड या अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजाराच्या आइसलँडमधल्या सर्व्हरची प्रत तिथल्याच पोलिसांनी अमेरिकेच्या विनंतीवरून काढून दिली.

डोमेनचं नाव, म्हणजे साइटचा पत्ता, इथे बहुतेक जण विसरतात. बोडॉग ही जुगाराची साइट होती. तिचं डोमेन एका कॅनडातल्या कंपनीकडे नोंदवलेलं होतं. तरी २०१२ मध्ये अमेरिकेने ते नाव जप्त केलं, कारण ‘डॉट कॉम’ची मूळ नोंदवही व्हेरीसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. सर्व्हर आइसलँडला आणि नाव डॉट कॉम, तर साइट बंद पाडायला सर्व्हरपर्यंत जावंच लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही स्वतः आपल्याच देशात आहात. डेटा तुमच्या हाती असेल तर कोर्ट तुम्हालाच तो हजर करायला सांगू शकतं.

किल्ली स्वतःकडे

वरच्या तिन्ही पर्यायांत कंपनीला डेटा वाचता येतो की नाही, यावर निकाल लागतो. लॅवाबिट ही ईमेल सेवा अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन वापरत होते. २०१३ मध्ये अमेरिकन कोर्टाने मालकाकडे एन्क्रिप्शनच्या (किल्लीशिवाय मजकूर वाचता येऊ नये अशा कुलपाच्या) किल्ल्या मागितल्या. त्याने त्या अगदी बारीक टाइपात ११ पानांवर छापून दिल्या. कोर्टाने ते मानलं नाही आणि रोज ५,००० डॉलर दंड लावला. अखेर किल्ल्या दिल्या आणि त्याने सेवाच बंद केली. त्या किल्ल्या संपूर्ण सेवेच्या होत्या, म्हणजे एकासाठी सगळेच उघडे पडत होते.

याउलट २०१६ मध्ये सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे माहिती मागितली गेली, तेव्हा देण्यासारखं होतं ते खातं कधी उघडलं आणि शेवटचा संपर्क कधी झाला, एवढंच. ज्याच्याकडे नाही तो देणार काय?

म्हणून माझं स्पष्ट मत: फायली आपल्याच मशीनवर एन्क्रिप्ट करून मगच वर चढवा. मग सर्व्हर कुठलाही असो, जप्तीत हाती लागतो तो न वाचता येणारा ढीग. मर्यादाही सांगतो. किल्ली हरवली तर डेटा तुम्हालाही कायमचा गेला. ईमेलचा विषय, कोण कोणाशी कधी बोललं, आयपी पत्ता या गोष्टी बऱ्याचदा उघड्याच राहतात. वेबसाइटला तर याचा उपयोग कमीच, कारण ती लोकांना दाखवायचीच असते. शिवाय ब्रिटनसारख्या देशांत किल्ली द्यायला नकार देणं हाच गुन्हा आहे. तिथल्या सरकारच्या मागणीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथे आयक्लाउड या आपल्या ऑनलाइन साठवणीचं सर्वांत कडक एन्क्रिप्शन नव्या ग्राहकांसाठी बंदच केलं.

कोणी काय निवडावं

दवाखाना, शाळा, छोटा व्यवसाय: देशातली भरवशाची कंपनी, आणि संवेदनशील फायली स्वतः एन्क्रिप्ट केलेल्या. सत्तेला खुपणारं छापणारे पत्रकार: तिसऱ्या देशातली कंपनी, डोमेनही अमेरिकेबाहेरच्या नोंदवहीतलं, आणि सूत्रांची नावं कुठल्याच सर्व्हरवर नकोत. युरोपातल्या ग्राहकांचा डेटा असेल तर तिथला कायदा तुम्हाला लागू होतो का, हे आधी वकिलाला विचारा.

करार करण्याआधी कंपनीला लेखी विचारा: मूळ कंपनी कुठे नोंदवलेली आहे, बॅकअप कुठल्या देशात जातो, नोंदी किती दिवस ठेवता, आदेश आला तर ग्राहकाला कळवता का. बॅकअपचं उत्तर नीट वाचा. सर्व्हर एका देशात आणि बॅकअप दुसऱ्याच देशात, असं सर्रास होतं. आणि एक प्रत पूर्णपणे वेगळ्या कंपनीकडे ठेवा. जानेवारी २०१२ मध्ये फायली ठेवायच्या मेगाअपलोड या साइटवर कॉपीराइट मोडल्याच्या आरोपावरून अमेरिकेने कारवाई केली. कंपनी हाँगकाँगची, बरेच सर्व्हर व्हर्जिनियात भाड्याने घेतलेले. ज्यांचा त्या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता, अशा ग्राहकांच्या स्वतःच्या फायलीही त्यात अडकल्या, आणि त्या परत मिळवण्यासाठी लोकांना कोर्टात खेटे घालावे लागले.