ग्रंथालयाचा एसडीआय अलर्ट, आठ महिन्यांनंतर: मेल नाही आला तर काय समजायचं?

एसडीआय म्हणजे आपल्या विषयाचे कीवर्ड ग्रंथालयात नोंदवायचे (ही नोंद म्हणजे आपली प्रोफाइल), आणि त्यांवर नवे पेपर आले की ग्रंथालय मेलने कळवतं. सहा आठवडे अलर्ट आला नाही, आणि मी धरून चालले की गुलाबी बोंडअळीवर नवं काही छापून आलेलं नाही. मग गाईड सरांनी एका पेपरचा विषय काढला. बीटी कापसात अळी मारण्यासाठी घातलेल्या क्राय-२-एबी प्रथिनाला अळी कशी दाद देत नाही, यावरचा. थेट माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा, आणि येऊन महिना झालेला. "वाचला असशीलच," सर म्हणाले. मी नव्हता वाचला. पुढचे दहा दिवस लिहिलेलं प्रकरण उसवण्यात गेले.

ग्रंथालयात विचारलं तर कळलं, शैक्षणिक वर्ष बदललं तशा नूतनीकरण न झालेल्या सगळ्या प्रोफाइल बंद पडल्या होत्या. कुणालाच कळवलं नव्हतं.

यंत्रणा बंद पडते, ते मी समजून घेते. पण "नवं काही नाही" आणि "सेवा बंद आहे" या दोन्हींचा मेल एकसारखाच, म्हणजे नाहीच, हे मला मान्य नाही. "या आठवड्यात ० नोंदी" एवढी एक ओळ पुरे होती. पबमेड या वैद्यक-जीवशास्त्राच्या पेपरांच्या सूचीवर शोध जतन करताना, नवं काही नसलं तरी मेल पाठवा, असा पर्याय निवडता येतो. तिथे जमतं तर इथे का नाही? वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ चा नियम आमच्या वाचनकक्षात भिंतीवर लावलेला आहे. माझे दहा दिवस त्याच भिंतीखाली गेले.

आता दुसरी बाजू. पहिल्या दोन महिन्यांनंतर हे लिहिलं असतं तर सेवा बंदच करा म्हटलं असतं. फॉर्मवर पाच कीवर्ड मागितले होते. मी "कॉटन" आणि "बोलवर्म" लिहून मोकळी झाले. मग हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे पेपर यायला लागले, कारण इंग्रजीत तीही बोलवर्मच. एकदा तर जखमेवर लावायच्या कापसावरचा पेपर आला. शेवटी ग्रंथपाल मॅडमनी वीस मिनिटं समोर बसवून विचारलं, गेल्या महिन्यात कोणते चार पेपर कामाला आले? त्यांवरून पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे शास्त्रीय नाव घातलं, नुसतं बोलवर्म काढलं. तेव्हापासून दहातले सात पेपर कामाचे असतात. क्राय-२-एबी असलेला बीजी-२ हा बीटी कापूस भारतात २००६ साली आला आणि आज ही अळी त्यावर सर्रास जगते; अशा विषयात एक पेपर महिनाभर उशिरा कळणं महागात पडतं.

तीच वीस मिनिटं दर तीन महिन्यांनी व्हायला हवीत. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली एसडीआयची कल्पना मांडली, तेव्हाच वाचक काय स्वीकारतो त्यावरून प्रोफाइल बदलत जावी असं त्यात होतं. आमच्या मेलमध्ये "कामाचं" किंवा "नको" सांगायला साधं बटणही नाही.

खर्चाचं म्हणाल तर शून्य. पूर्वी नुसता सारांश वाचून लेखकांना मेल करत बसायचे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची, संस्थांना नियतकालिकं वाचायला देणारी योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाल्यावर त्यातल्या तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकांतलं असेल ते आवारातून थेट उघडतं. गुगल स्कॉलरचा अलर्टही फुकट आहे आणि मी तोही ठेवलाय, पण त्यात जुने पेपर नवे म्हणून येतात, आणि मेल रोज हवा की आठवड्याने हे आपल्या हातात नसतं. आमच्या मॅडमनी लावलेली चाळण त्याला नाही.

माझ्या लेखी तक्रारीनंतर मॅडम दर सोमवारी ती शून्याची ओळ स्वतः टाइप करून पाठवतात. मागच्या सोमवारी त्या रजेवर होत्या. मेल आला नाही. दुपारी मी चालत ग्रंथालयात गेले आणि विचारून आले.