आवारसफाई की झाडांची छाटणी?

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पुण्यासारख्या शहरात बंगल्यांच्या आवारांची कामे घ्यायची असतील, तर केवळ सफाई करावी की झाडांची छाटणीही स्वीकारावी, हे आधी ठरवावे लागते. सफाईला खराटा, विळा, फावडे, घमेले आणि गवत कापण्याचे एखादे यंत्र पुरते. पावसाळ्यात गवत माजते तेव्हा मागणी वाढते आणि काम नीट झाले, तर तेच घर पुन्हा बोलावते. मोबदला मात्र बेताचाच असतो.

छाटणीत एका दिवसाची मिळकत अधिक, पण त्यासाठी दोर, कमरपट्टा, हेल्मेट, चेनसॉ आणि मुख्य म्हणजे झाडावर चढण्याचा सराव असलेला माणूस लागतो. फांदी विजेच्या तारेवर किंवा शेजाऱ्याच्या गाडीवर कोसळली, तर महिन्यांची कमाई भरपाईत जाते. शिवाय नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते, मग झाड स्वतःच्या आवारातले का असेना. त्यामुळे छाटणीपूर्वीही महापालिकेकडे विचारणा करणे शहाणपणाचे.

पालापाचोळ्याची विल्हेवाट दोन्हीकडे लावावी लागते, मात्र जाळून नव्हे. माझ्या मते पहिले वर्ष सफाईलाच द्यावे आणि जमिनीवर उभे राहून हाताला येतील तेवढ्याच फांद्यांना कोयता लावावा.